माझ्याच घरात पाहुणी

८ फेब्रुवारी, रविवार

टॉवेल मागितला! कुणा परक्या माणसाने माझ्या घरातून बाहेर येऊन समोरच्या काकूंचं दार वाजवलं आणि टॉवेल मागितला! काकूंचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "अगं, तुझ्या भाडेकरूकडे रोज नवी माणसं उतरतात. परवा एक जोडपं, काल चार पोरी, आज हा अर्धा ओला बाबा. घर दिलंयस की लॉज काढलंयस?"

आत्याचं घर ते. तिसरा मजला, तीन खोल्या. तिने स्वतःच्या पगारातून घेतलं, एकटीने सांभाळलं आणि जाताना माझ्या नावावर केलं. माझ्या एकटीच्या नावावर असलेली जगातली एकुलती एक वस्तू. सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच भाड्याने दिलं. आणि माणूस तरी कसला निवडला! इस्त्रीचा शर्ट, खाली नजर, "ताई, घर आरशासारखं ठेवीन." मी मनात त्याचं नावच 'सज्जन' ठेवलं होतं. आता तेच राहू दे. शिवी म्हणून.

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माणसाकडे पाहुणे येतात. काकूंना दुसरा उद्योग नाही."

९ फेब्रुवारी

करार काढून वाचला. पहिल्यांदाच! सह्या झाल्या त्या दिवशी हे बोट ठेवत गेले आणि मी सही करत गेले. "तुला त्यातलं कळायचं नाही, मी बघतो." मला एक्स-रेमध्ये केसाएवढी चीर दिसते, आणि अकरा पानं वाचायला जमली नसती? नवव्या पानावर स्वच्छ लिहिलंय — घर दुसऱ्या कुणाला वापरायला देता येणार नाही.

पहिला धडा. कुणी बोट ठेवलं तर ते बाजूला करायचं आणि खालचं वाचायचं.

११ फेब्रुवारी

सापडलं! हॉस्पिटलात दुपारच्या डब्याच्या वेळी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइल काढला, एक दिवसासाठी घरं देणारं ते ॲप उघडलं आणि दहाव्या मिनिटाला माझं घर माझ्यासमोर. नाव काय, तर 'निवांत'. माझी खिडकी, माझा ओटा, आत्याचं हिरवं कपाट. खाली लोकांचे अभिप्राय. 'जागा छान, पण नळ गळतो.' अरे, नळ मी स्वतः प्लंबर पाठवून दुरुस्त करून दिलाय! 'कपाटाला जुनाट वास येतो.' या बाईचा पत्ता मिळाला तर बघते.

सिस्टर म्हणाल्या, "जा आणि दोन कानाखाली दे." मी म्हटलं, नाही. त्याला पळायला वाट राहील असं काही करायचं नाही.

"मग?"

"मला एक दिवसासाठी घर बुक करून द्या. तुमच्या नावाने."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरी सांगितलं, हॉस्पिटलचं प्रशिक्षण आहे. सकाळी अकराला माझ्याच दारात पाहुणी म्हणून उभी राहिले. मीटरशेजारी छोटी पेटी, आकडे फिरवायचे, आत किल्ली. स्वागताला कुणी नाही. बरंच झालं.

भिंतीवर नियमांचा कागद. खिळे ठोकू नयेत. चपला बाहेर. निघताना गॅस बंद केल्याची खात्री करावी. तुटफूट झाल्यास फोटोसह कळवावी. मेल्याने माझ्यापेक्षा चांगले नियम केलेत! मी घर देताना काय केलं? किल्ली दिली आणि चहा पाजला. एक फोटो नाही, वस्तूंची यादी नाही. आज काढले. त्रेसष्ट फोटो. आतल्या खोलीत दोन मजली पलंग, न्हाणीघरात फोडलेली फरशी, नळ गळतोय — खरंच गळतोय.

मग बाहेरच्या खोलीत आले आणि बसलेच.

आत्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायची. तीस वर्षं. तिचं उतरत्या फळीचं उंच टेबल खिडकीपाशी असायचं. ती उभ्याने काम करायची, मी खाली बसून तिच्या बोथट पेन्सिलींना टोक करायचे. त्या टेबलाचे पाय कापलेत. गुडघ्याएवढं केलंय. वर काच, काचेवर प्लास्टिकची फुलं आणि कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.

करवतीच्या दातांच्या खुणा लाकडावर अजून दिसतात. चारही पायांवर हात फिरवला. रडू आलं नाही. बरं वाटलं एका अर्थी — आता दया यायची भीती नाही.

२२ फेब्रुवारी

निघताना अभिप्राय लिहायचा असतो म्हणे. सिस्टरच्या फोनवरून लिहिला: 'घर अप्रतिम. मालकिणीला भेटायची वेळ जवळ आली आहे.'

१ मार्च, रविवार

वकीलबाईंकडे जाऊन आले. फोटो, अभिप्राय, करार, सगळं टेबलावर मांडलं. "इतकं तयार प्रकरण घेऊन कुणी येत नाही," म्हणाल्या. छाती फुगली.

ह्यांना आज खरं सांगितलं. वाटलं होतं, चवताळतील. तर म्हणाले, "घर पाडलं तर नाही ना त्याने? टेबलच ते. वकील कशाला मध्ये? मी बोलतो त्याच्याशी, समजुतीने."

मी म्हटलं, समजूत संपली.

मग जेवताना म्हणाले, वरण अळणी झालंय. माझ्याशी भांडायचं नसलं की ह्यांना वरणात मीठ कमी लागतं.

८ मार्च, रविवार

आज धरला!

मी, वकीलबाई, सोसायटीचे सेक्रेटरी. हे येणार होते, ऐन वेळी पोटात कळ आली म्हणून घरीच राहिले. सज्जन चादरी बदलत होता. काखेत उशी घेऊन दारात आला आणि मला बघून उशी खाली पडली. हे दृश्य मी मरेपर्यंत जपून ठेवणार.

मी एकेक फोटो त्याच्यासमोर धरला. आवाज चढवला नाही. "हे काय? हे कोण? हा पलंग कुणाला विचारून?" सेक्रेटरी मान हलवत होते. काकू दार किलकिलं करून बघत होत्या — मी मुद्दाम आमचं दार उघडं ठेवलं होतं.

तो म्हणाला, "ताई, तुम्ही साहेबांना एकदा विचारा—"

"साहेबांचं नाव मध्ये आणायचं नाही! घर कुणाचं आहे?"

"तुमचं. पण मला वाटलं, तुम्हाला—"

"तुला काय वाटलं ते विचारलंच नाही मी. एकतीस तारखेला किल्ली काकूंकडे."

त्याने खाली वाकून उशी उचलली, झटकली, आणि गप्प बसला. दोषी माणूस असाच गप्प बसतो.

१२ मार्च

त्याच्या कंपनीला पत्र टाकलं. तुमचा कर्मचारी फसवणूक करून घरं चालवतो, पुरावा सोबत. वकीलबाईंना विचारलं नाही. नको म्हणाल्या असत्या.

३१ मार्च

किल्ली मिळाली. काकू म्हणाल्या, "दोन बॅगा घेऊन गेला गं. जाताना जिना पुसून गेला." पुसू दे! कुलूपवाला बोलावून कुलूप बदललं. काम होईपर्यंत जिन्यात उभी होते, राणीसारखी.

४ एप्रिल, शनिवार

काकूंकडून कळलं, सज्जनाची नोकरी गेली. कंपनीने पत्र दाखवून विचारलं, त्याला उत्तर देता येईना. घरी आई आहे म्हणे, आजारी.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार? मला आनंद झाला. आईचं ऐकून थोडा कमी झाला. पण झाला.

ह्यांना सांगितलं तर ताटावरून उठले. "बस झालं आता! माणूस गेला, घर मिळालं, अजून काय हवंय तुला?" एवढं ओरडले की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. परक्या माणसाचा इतका कळवळा! माझ्या आत्याच्या टेबलाचा कधी आला नाही.

१९ एप्रिल

सुताराला टेबल दाखवलं. त्याने कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला. "जोड देता येईल, बाई. पण जोड दिसणार."

मग दिसू दे. पण त्याची भरपाई सज्जनच देणार.

२० एप्रिल, सोमवार

वकीलबाई म्हणाल्या, "घर परत आलं. आता सोडा. नोटीस पाठवली की समोरचाही कागद बाहेर काढतो."

"काढू दे की. काय काढणार आहे?"

टेबलासाठी, फरशीसाठी, नळासाठी, आत्यासाठी. नोटीस गेली. आज जेवण गोड लागलं.

६ मे, बुधवार

नोटिशीचं उत्तर आलं. सोबत एका कागदाची प्रत. पाहुणे ठेवायला मालकिणीची परवानगी, खाली माझी सही. मी कधीही न केलेली. शेजारी साक्षीदाराची सही, ती मात्र खरी. तेवीस वर्षं ओळखते मी ती. मिळकतीचा निम्मा वाटा दर महिन्याला इकडेच यायचा. 'आपल्या यजमानांनी गप्प राहायला सांगितलं, दुसरी जागा देतो म्हणाले, म्हणून अशील गप्प राहिला.' आणि शेवटी एक ओळ: टेबल कापायला करवतही त्यांनीच आणून दिली होती.

सज्जनाला तोंड कसं दाखवायचं, ते नंतर बघते.

नवरा आंघोळीला गेलाय. आत गुणगुणतोय. मी वकीलबाईंना फोन लावला. म्हटलं, नोटीस तीच ठेवा. वरचं नाव तेवढं बदलायचंय.