टेपवरची वंदना

बोरवाडी, ता. अहमदपूर
जि. लातूर (हात अजून ‘उस्मानाबाद’ लिहायला जातो)
२१ सप्टेंबर १९८६

प्रिय देविदास,

सप्रेम जयभीम.

धर्माबादहून तू पाठवलेलं मिरचीचं पोतं पोचलं. सोबत चार ओळी लिहिल्या असत्यास तर मिरची काही फिकी पडली नसती. असो, तुझ्याशी भांडायला कागद पुरणार नाही. इथं दुसरा पावसाळाही कोरडाच गेला. टँकर एक दिवसाआड येतो, कधी तोही येत नाही. जिल्हा झाल्यापासून लातुरात कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपगाड्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं. आई बरी आहे. गुडघे धरलेत, जीभ मोकळी आहे. आणि तुझी विशाखा चार वर्षांची झाली, म्हणजे जिल्ह्याच्याच वयाची. माझ्या बालवाडीत येऊन बसते आणि माझ्यापेक्षा जास्त शिकवते.

मोठी बातमी म्हणजे आपल्याकडं पाहुणे येऊन गेले. हॉलंड नावाच्या देशातले नवरा-बायको, यान आणि मार्था. पुस्तकं वाचून वाचून बौद्ध झालेले. पुण्यात कोणीतरी त्यांना सांगितलं की मराठवाड्यात तान्ह्या लेकरापासून म्हातारीपर्यंत अख्खी वस्ती बौद्ध असते, जाऊन बघा. आषाढी पौर्णिमेला आले आणि विहाराच्या पडवीत महिनाभर राहिले. हायस्कुलातले बसवंत मास्तर आठवतात ना, लिंगायत आळीतले, इंग्रजी शिकवणारे? ते रोज संध्याकाळी सायकल मारत यायचे आणि इकडचं तिकडं, तिकडचं इकडं करून सांगायचे. बौद्धांची शिकवण लिंगायतानं सांगायची आणि हॉलंडनं ऐकायची, अशी आमची शाळा.

पहिल्याच दिवशी मार्थानं विचारलं, तुम्ही ध्यान कुठं करता? आईच म्हणाली, “डोळे मिटून कशाला बसावं, बाई? डोळे उघडायला म्हणून तर आमी हिकडं आलाव.” मास्तरांनी ते सांगितल्यावर यान किती तरी वेळ मान हलवत होता. मग त्याला प्रश्न पडला की बुद्धाच्या शेजारी कोटातल्या माणसाचा फोटो का. मी सांगितलं, वाट बुद्धाची, पण ती आमच्या दारापर्यंत बाबासाहेबांनी आणली, नाहीतर आम्ही अजून गावाच्या विहिरीपासून लांब उभे असतो. पुनर्जन्माचं विचारलं तर आई हात जोडून म्हणाली, “नको गं माय, ह्योच जलम लई झाला. ह्याच्यातच लेकरं शिकली म्हंजी बास.” त्यांच्या पुस्तकांत हे नसावं.

पण खरं शिकणं टँकरपाशी झालं. यान घागरी उचलून द्यायला यायचा. एकदा पाइप मोकळा सुटला, टँकरवाला बिडी ओढायला गेलेला, आणि आईच्या दोन घागरी भरलेल्या. यान तिसरी लावायला निघाला. आईनं त्याचा हात धरला आणि मागच्या बाईला पुढं बोलावलं. संध्याकाळी पंचशील समजावताना दुसरं शील आलं, न दिलेलं घ्यायचं नाही. तेव्हा यानच मास्तरांना म्हणाला, हे सांगू नका, हे मला सकाळी कळलं. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. मार्थाला मी माझं पांढरं लुगडं नेसायला शिकवलं. आधी दोन पावलांत सुटायचं, मग तिला जमलं. मांडी घालून बसणं मात्र यानला शेवटपर्यंत साधलं नाही. तो खांबाला टेकून लांब पाय पसरायचा आणि लेकरं त्याच्या पायांवर घोडा घोडा खेळायची.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं तिथं येते. तू गेल्यापासून वंदना सांगायला कोणी नाही. एकानं पुढं म्हणायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं. पुढचं माणूसच नाही तर मागचे काय म्हणणार? मी प्रयत्न केला, पण माझा आवाज म्हणजे बालवाडीतला, पंचशील सांगतानाही लेकरं उठून ओळीत उभी राहतात. शेवटी तुझ्या दाजींनी ट्रंकेतून टेप काढली. त्या वैशाख पौर्णिमेला त्यांनी तुझी वंदना टेप केली होती, आठवतं? तू ती कधी ऐकली नाहीस. पुढच्याच थंडीत चांगुणाला कावीळ झाली, ती गेली, आणि तिच्या मातीला ‘बुद्धं’ म्हणताना तुझा आवाज जो अडकला तो अडकलाच. एवढी रोज वंदना म्हटली, काय उपयोग झाला, असं म्हणून तू विहाराकडं पाठ केलीस आणि मिरचीच्या बाजारात जाऊन बसलास. मी तुला बोल लावत नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, फक्त लेकराला घेऊन गेले असते.

तर अडीच वर्षं झाली, आपली वस्ती टेपवर वंदना म्हणते. तू पुढं म्हणतोस, आम्ही मागून. चौथं शील झालं की टेपवर तू मधेच थांबतोस. त्या संध्याकाळी लाईट गेली होती, कंदील फडफडत होता. तू वंदनेतूनच म्हणालास, “चांगुणा, वात वर कर गं.” आणि टेपवर बांगड्या वाजतात, आणि ती म्हणते, “हाव.” आपल्याकडचं ‘हो’, तेवढंच. मग तू पाचवं शील सुरू करतोस. तेवढ्या जागी वस्तीतलं कोणी मागून म्हणत नाही, सगळे गप्प बसतात. असं करा म्हणून कोणी ठरवलं नाही. हे तुला कळवू नको म्हणून आईनं मला बजावलं होतं. पोरगं तिकडं एकटं आहे, ऐकून त्याचं काय होईल, म्हणायची.

मार्था आणि यान दुपारी ती टेप घेऊन पाठांतर करायचे. पाली त्यांनाही परकी, मराठीही परकी, त्यांना काय कळणार कुठं काय संपतं. श्रावण पौर्णिमेला आम्ही मार्थाला म्हटलं, आज तू पुढं म्हण. पांढरं लुगडं नेसून, हात जोडून, डोळे मिटून ती बसली. त्रिशरण सुरेख म्हटलं. चारही शीलं म्हटली, एक अक्षर चुकलं नाही. आणि मग त्याच भक्तिभावानं, त्याच सुरात, ती म्हणाली, “चांगुणा, वात वर कर गं.” आणि खांबाला टेकलेला यान घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हाव.”

देविदास, मग आई हसली. पदरात तोंड घालून, खांदे हलेपर्यंत हसली. अडीच वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता बायका डोळे पुसायला लागल्या. मास्तरांनी समजावून सांगितल्यावर मार्था लाल झाली, तिलाही रडू आलं. तिनं विचारलं, चांगुणा कोण? आम्ही मोठी माणसं सांगणार, तेवढ्यात विशाखा उठून उभी राहिली आणि म्हणाली, “माझी माय हाय.” तिला कोणी शिकवलं असेल? रोज त्या जागेला टेपजवळ सरकून जाळीला कान लावून बसायची. आम्हाला वाटायचं खेळते.

जायच्या आदल्या दिवशी मार्थानं आईला एकच विचारलं. बुद्ध म्हणतात सगळं अनित्य आहे, काही धरून ठेवू नका, मग ही टेप का ठेवलीत? प्रश्न खोचून नव्हता, खरंच विचारत होती. आई ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “धरून ठिवू नका म्हन्ले त्ये. इसरा कुटं म्हन्ले?” मार्थानं ते मास्तरांकडून दोनदा समजून घेतलं. मलाही त्या दिवशीच समजलं, जन्मापासून बौद्ध असून.

आणि हे पत्र का, ते आता ऐक. गेल्या आठवड्यात टेप मशीनमध्ये गुंतली आणि फीत तुटली. मी लातूरला जाऊन जोडून आणली. दुरुस्तीवाला म्हणाला, फार झिजली आहे, एकदा नीट वाजेल, पुढचं सांगता येत नाही. ती एकदा मी तुझ्यासाठी ठेवली आहे. तेव्हापासून विहारात वंदना झालेली नाही. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्याच्या आदल्या दिवशी ये. नांदेडला उतरून लोह्यावरून अहमदपूरची गाडी धर, दाजी फाट्यावर येतील. तू, आई आणि विशाखा दार लावून ती टेप ऐका. दुसऱ्या दिवशी वंदना तू सांग. आवाज अडकला तर अडकू दे, आम्ही मागं आहोत, थांबू. फक्त चौथं शील झालं की कंदिलाची वात वर करायला सांगायला विसरू नको. विशाखानं ठरवलंय, ‘हाव’ ती म्हणणार आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
धुरपताअक्का