नॅशव्हिलमध्ये तोंडून गेलेली दाद

नॅशव्हिल, रविवार

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करतेय, तुम्ही कॉव्हेंट्रीत बसून आशीर्वाद द्या.

ट्रेनिंग मस्त चाललंय. जेवणाचेही हाल नाहीत, फक्त चहात बर्फ घालतात!

काल ऑफिसातल्यांबरोबर भोपळ्यांच्या शेतावर गेले. ट्रॅक्टरमागे गवताच्या भाऱ्यांवर बसवून फिरवतात. टेकड्या नुसत्या लाल-पिवळ्या झाल्यात. एवढे भोपळे बघून आईचे घारगे आठवले.

संध्याकाळी एका छोट्या हॉलमध्ये गाणं ऐकायला गेलो. इथे गाणं चालू असताना कुणी चकार शब्द काढत नाही. साठीची एक बाई गिटार घेऊन गात होती, ‘दारामागे तुझा कोट तसाच ठेवलाय, थंडीला वाटतं तू घरीच आहेस.’ माझ्या तोंडून ‘क्या बात है!’ गेलं, तेही अगदी तुमच्यासारखं, खणखणीत. अख्खा हॉल वळून बघायला लागला. वाटलं, खुर्चीखाली लपावं. पण बाई हसली आणि माझ्याकडे बघत तीच ओळ पुन्हा गायली.

बाबा, आई गेल्यापासून तुम्ही बर्मिंगहॅमच्या गाण्याच्या बैठकीला गेला नाहीत. गुडघ्याचं कारण मला सांगू नका. शनिवारी जयदादा गाडी घेऊन येईल, स्वेटर घालून तयार राहा. बैठक भरवणाऱ्या स्वातीकाकू म्हणतात, गाणारे अजून तुमच्या खुर्चीकडे बघतात.

जा ना. तिथेही कुणाला तरी एखादी ओळ पुन्हा गायची असेल.

तुमच्याच आवाजाची,
मालविका