गाडी किती खाली घ्यायची

९ फेब्रुवारी, रविवार

मोजलं एकदाचं. माझी खुर्ची, उशीसकट: ५१ सें.मी. गाडीची सीट: ५८. संदूने टेप दोनदा लावली. फरक सातच.

जिन्यावरून पडल्याला तीन वर्षं झाली. हँड कंट्रोलवाली गाडी येऊन दीड. लायसन्स माझं, चालवते मी. चढवतो संदू, धाकटा भाऊ, काखेत हात घालून, गोणी ठेवल्यासारखी. उतरायचं टेन्शन नाही, फळीवरून खुर्चीत घसरता येतं. वर घसरता येत नाही. आत बसले की खुर्चीची चाकं काढून, सांगाडा मांडीवरून पलीकडे टाकणं हे सगळं माझं मला जमतं. फक्त ते सात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेजचं पत्र. लायब्ररीच्या कॅटलॉगचं काम घरून करायची सवलत ३१ मेपर्यंत. १ जूनपासून खारघरला प्रत्यक्ष हजर. प्रिन्सिपल मॅडमनी खाली पेनाने लिहिलंय, "वैशाली, सगळे वाट बघतायत." चांगल्या मनानेच.

संदूची बदली नाशिकला, प्रमोशनवर, तीही जूनपासून. त्याने घरी आल्या आल्या सांगितलं आणि मग माझ्याकडे न बघता बूट काढत बसला. किती वेळ लागतो बूट काढायला.

आई म्हणाली, "मी आहे ना." आई सदुसष्टची. चहाचा कप आणताना भिंत धरते.

१६ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची उंच करावी तर गुडघे टेबलाखाली जात नाहीत, बाथरूमच्या बाकाशीही उंची जुळत नाही. उशीशी खेळायचं नाही. कमरेखाली मला काही कळत नाही, कातडी वाचवते ती उशीच. संदू म्हणाला, गाडीशेजारी लाकडी चौथरा करून देतो. छान. इथे घरी, जुईनगरला चढेन. खारघरला चौथरा कुठून आणू?

मग चेष्टेत म्हणाला, "तुला वर नेता येत नाही तर गाडीच खाली घेऊ. पोरं नाय का करत, लोअरिंग स्प्रिंग टाकून."

दोघंही हसलो. आई आतून म्हणाली, काय झालं. तोवर कुणीच हसत नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

तुर्भ्याला हिरामणदादाकडे. हँड कंट्रोल त्यानेच बसवले होते. हा तिथल्या गावातलाच, आता चहूबाजूंनी ट्रक आणि मधे याचं गॅरेज. बोलायचं असलं की माझ्या खिडकीशी येतो, संदूकडे जात नाही. म्हणून बरा वाटतो.

"ताई, तुला कशाला पायजे ही पोरांची नाटकं?"

सातचा हिशोब सांगितला. त्याने खाली बसून टायरवरच्या फटीत बोटं घालून बघितली. मग सांगितलं: पंचवीस मि.मी. खाली नेणारी मिळते, तीसवाली मिळते, चाळीसवाली मिळते. "चाळीसची कडक असते. कडक केली नाय त गाडी खाली टेकंल. पन मग प्रत्येक खड्डा तुझ्या पाठीत जानार."

संदूने विचारलं, आहेत त्याच स्प्रिंगा कापून घेतल्या तर? हायवेवर एक जण तासाभरात करून देतो म्हणाला.

"कोन बोलला? कापलेली स्प्रिंग जाग्यावर बसत नाय. वर मानूस बसनार हाय, कांदे नाय."

सत्तर कुणीच करत नाही. म्हणजे किती उरलेले माझ्या हातांनी उचलायचे, तेवढंच मला निवडायचंय.

२ मार्च, रविवार

खारघर. संदूच्या मित्राकडे हीच गाडी आहे, चाळीसने खाली, निव्वळ शौक. हँड कंट्रोल नाहीत, म्हणून डावीकडच्या सीटवर ट्राय केलं.

चढले. एकटी! फळी, एक हात सीटवर, एक खुर्चीवर, तीन हिसक्यांत आत. संदू दोन हात पुढे करून उभा होता, ते तसेच राहिले. मित्र मला ॲलॉय व्हीलबद्दल काहीतरी सांगत होता. त्याला काय झालं ते कळलंच नाही.

चक्कर मारू म्हटलं. मीच म्हटलं. डोंगराकडच्या रस्त्याला. प्रत्येक स्पीडब्रेकरला पाय उडत होते, गुडघे दाबून धरले. मित्र म्हणाला, परत फिरू या का. मी म्हटलं, अजून एक.

३ मार्च, सोमवार

सकाळी आईने बघितलं. डाव्या बाजूच्या बसायच्या हाडावर लाल, रुपयाएवढं. दाबून सोडलं तरी लालच, म्हणजे जखमेची सुरुवात. नीतामॅडमना (फिजिओ) फोन. "बसायचं नाही. पूर्ण जाईपर्यंत पालथं. कुणाच्या गाडीत बसली होतीस?" सांगितलं.

९ मार्च, रविवार

पालथी. सातवा दिवस. वही जमिनीवर, मी दिवाणाच्या कडेला हनुवटी टेकून. फरशीवरचे ठिपके पाठ झाले.

शेजारच्या काकू आल्या. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. "कशाला ते गाडीबिडीचं मनावर घेतेस? घरून काम मागून घे. हात जोडले की देतात गं." हात जोडायला तरी उठून बसावं लागतं.

चाळीस बाद. ज्या स्प्रिंगने मी एकटी चढते तीच मला आडवी पाडते. हे कुणाला समजावून सांगू?

१५ मार्च, शनिवार

डाग गेला. बसायची परवानगी, वीस मिनिटं. वीस मिनिटांत बाल्कनीत जाऊन आले, सोसायटीच्या गेटपर्यंत बघितलं, परत पालथी.

नीतामॅडम: पंचवीस घे, फार तर तीस. सुरुवातीला मऊ आणि दाब वाढला की कडक होते अशी मिळते का विचार. हिरामणदादा म्हणाला, मिळते. तीस घेतली तर माझ्या वाट्याला चार सें.मी.

संदूने दिवाणाच्या पायांखाली ठोकळे घातले, सरावाला. दोन सें.मी. जमले. तीनला कोपर दगा देतो.

२९ मार्च, शनिवार

आई भाजी निवडता निवडता बोलून गेली, "आता नाशिकचं मिटलंच आहे, तू कशाला एवढी हात दुखवून घेतेस."

मिटलंय म्हणजे?

संदूने नाही म्हणून कळवलंय. मी पालथी होते त्या आठवड्यात.

"मी सांगितलं होतं तुला?"

"तू सांगणार नव्हतीसच. म्हणून तर."

"मग मला विचारायचं तरी."

"विचारून काय झालं असतं ताई? तू जा म्हणाली असतीस. आणि मग सकाळी तुला गाडीत कोणी बसवलं असतं?"

नको ते बोलले. तुझ्या उपकारांखाली जगायचं नाहीये, वगैरे. तो दार न आपटता गेला. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आता खरं. त्याने नाही कळवलंय हे ऐकल्यावर आधी राग आला नव्हता. आधी बरं वाटलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. राग त्याच्यानंतर आला, आणि तो बहुतेक त्या बरं वाटण्याचाच. हे इथे लिहून ठेवते. संदूला सांगायची हिंमत नाही.

६ एप्रिल, रविवार

तीसची ऑर्डर दिली. पंचवीस घेतली तर माझ्याकडे साडेचार, तीसला चार. अर्ध्या सें.मी.साठी आठवडाभर स्वतःशी भांडले. सराव साडेतीनपर्यंत आलाय.

आठ दिवसांनी संदूशी धड बोलले. ऑफिसात विचार म्हटलं, नकार मागे घेता येतो का. त्याने विचारलं. बदल्यांची यादी ९ मेला संध्याकाळी पाचला फायनल होते. तोपर्यंत चालेल.

"पण ताई, मी आत्ता काही कळवत नाही."

नको कळवू. आधी मला चढू दे.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी तुर्भ्याला चारही स्प्रिंगा बसल्या. हिरामणदादाने गाडी खाली सोडली, बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बघितलं. "आठवडाभर चालव. अजून थोरी बसंल. आनि ब्रेकरवरून तिरकी काढ, सरल नको." या बदलाची आरटीओत कागदोपत्री नोंद करून घेऊ म्हणाला.

दुपारी संदू दुकानात गेला होता. मला दम धरवेना. पार्किंगमध्ये गेले, फळी टाकली. पहिल्या हिसक्याला खुर्ची मागे सरली आणि मी मधल्या फटीत. लागलं नाही. जमिनीवर बसलेली, एक पाय गाडीखाली.

आईने बाल्कनीतून बघितलं, धावत आली. धावत म्हणजे तिच्या हिशोबाने. मला उचलायला खाली बसली आणि तिलाच उठता येईना. वॉचमन जेवायला गेलेला. मग दोघी तिथेच, टायरला टेकून. आईने पदराने माझ्या हाताची धूळ पुसली. म्हणाली, "गाडी खाली करायला गेलो, आपणच खाली आलो." इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मग ते पाणी थांबेना. मी बघितलंच नाही असं केलं.

संदू आला. आधी तिला उठवलं, मग मला. एक शब्द बोलला नाही.

३० एप्रिल, बुधवार

सीट आता ५४.५. खुर्चीचे ब्रेक नवीन टाकले, सरत नाही. तीनदा केलं तर एकदा चढते. काल तीनात दोनदा. गल्लीतला तो म्हशीच्या पाठीएवढा ब्रेकर तिरका घेतला तर खरवडत नाही. बेलापूरपर्यंत जाऊन आले, संदू शेजारी, घड्याळ बघत असल्याचं दाखवत. संध्याकाळी आईने आरसा धरून तपासलं. डाग नाही.

तरी रोज सकाळी वाटतं, आज नाही जमलं तर? आणि जमलं तर संदू जाणार. मग आई आणि मी. हेही आहेच.

९ मे, शुक्रवार

खारघर, कॉलेजचं पार्किंग. ३.४०.

सकाळी संदू ऑफिसला निघताना ठरलं. मी एकटी कॉलेजला जाऊन एकटी परत येणार. घरी पोचले की फोन. पाचच्या आत आला तर त्याने नाशिकला हो म्हणायचं.

"आणि नाही आला तर?"

"तर हो नको म्हणूस."

घरी दुसऱ्या प्रयत्नात चढले. हायवे मोकळा होता. लायब्ररीत सगळ्यांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या, कसंतरी झालं. माझं टेबल खिडकीशी ठेवलंय. गुडघे जातात खाली.

आता इथे दोनदा झालं, नाही जमलं. पार्किंगची जमीन उतरती आहे, खुर्चीच्या बाजूला बोटभर खाली. इकडे कोण मोजायला आलं होतं. गाडी उलट तोंडाने लावली तर तोच उतार माझ्या बाजूने होईल. पण फिरवायला आधी आत बसायला पाहिजे.

दंड भरून आलेत, म्हणून थांबून हे लिहितेय. संदूला आत्ता फोन केला तर पाऊण तासात येईल. एका शब्दाने बोलणार नाही. तेच तर.

फळी थोडी पुढे घेतली तर. आणि सीट मागे न नेता.

३.५५. गार्ड दोनदा लांबून बघून गेला. आता जवळ येऊन उभाय. "मॅडम, धरू का?"

म्हटलं, खुर्ची धरा. मला नको.