पालकाचा गंज

प्रिय टीना,

हे पत्र फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड, अर्ध्यावरून नको. फोनवर बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस. माझा आवाज ऐकला की तुला काम आठवतं, आणि चुकून उचललासच तर फोन स्पीकरवर असतो. मला जे सांगायचं आहे ते तुझे आईबाबा, म्हणजे माझे दादा-वहिनी, आणि वहिनीच्या कुकरच्या शिट्ट्या यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. गोंदिया स्टेशनच्या चौकशी खिडकीत सारी नोकरी काढलेल्या बाईला लोकांनी अर्ध्यातून पाठ फिरवण्याची सवय आहे. पण तिथे लोक निदान गाडी कोणत्या फलाटावर येणार एवढं तरी ऐकून जात.

आचलचं उष्टावण तू नागपुरातच करणार, सासरच्या, आमगावच्या कोणालाही बोलावणार नाहीस, असं दादानं सांगितलं. त्यानंतरही सासरी जायचं तू नाव काढत नाहीस. हिमांशू रविवारी येतो, लेकीचं डोकं हुंगतो आणि संध्याकाळच्या गाडीनं चेहरा पाडून परततो. तुझं म्हणणं मला कळलं आहे. मुलगी झाली म्हणून सासऱ्यांनी तोंड फिरवलं. बारशाला श्यामलालजी आले आणि हात पाठीमागे धरून दारातच उभे राहिले. सगळ्यांनी नातीला घ्या म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या, झोपली आहे." आचल टक्क डोळे उघडून त्यांच्याकडेच बघत होती. दादाच्या भिडेखातर तुम्ही मला बोलावलं होतं, त्यामुळे मीही ते पाहिलं. आणि आता उष्टावणाचा विषय निघाला, तेव्हा त्यांच्या घरी पहिला घास आजोबांनी भरवायची रीत असून ते म्हणाले की दुसऱ्या कोणी भरवलं तरी चालेल. इथे तुझा संयम संपला. तुझ्या जागी मी असते तर माझा बारशालाच संपला असता. तू पाहिलंस ते सगळं खरं आहे, पोरी. त्याचा अर्थ मात्र तू साफ चुकीचा लावलास. तो चुकीचा का, हे सांगायचं तर मला एका माणसाला दिलेला शब्द मोडावा लागतो. म्हणून मी चिडलेली आहे. तुझ्यावर, त्या माणसावर, आणि सगळ्यांत जास्त त्या चिमटेवाल्या किड्यांवर.

हो, किड्यांवरच. गेल्या हिवाळ्यात तुला दिवस होते आणि पालक सोडून तुला काही गोड लागत नव्हतं. श्यामलालजींनी घरामागच्या सांदवाडीत तुझ्यासाठी पालकाचा मोठा वाफा केला. कडेला मेथी, वालाचा मांडव, झेंडूची रांग. शेतावर धानाच्या बांधीत राबून आलेला माणूस पायही न धुता आधी त्या पालकाकडे जायचा. एक दिवस तू पानं खुडायला बसलीस आणि शेपटीला चिमटा असलेला तो तपकिरी किडा तुझ्या मनगटावर चढला. तू अशी किंचाळलीस की म्हणे शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. त्यात तुझ्या सासूबाईंनी, शकुंतलाबाईंनी, भर घातली: "कानात घुसते तो. एकदा का घुसला त मेंदूच खाते." त्यांना हसायलाही मला जागा नाही, कारण इंग्रजीत त्या किड्याच्या नावातच कान आहे. साहेब लोकही पिढ्यान्‌पिढ्या हेच भ्यायले.

पुढच्या आठवड्यात मी आले तेव्हा अंगणात खुर्ची टाकून मी सगळ्यांचा वर्गच घेतला, आठवतं? तो कानात जात नाही. त्याच्या चिमट्यानं आपल्याला फार तर गुदगुली होते. दिवसा तो विटांखाली आणि धानाच्या ओल्या तणसाखाली दडतो, अंधार पडला की कोवळी पानं आणि झेंडूच्या पाकळ्या कुरतडतो. मधूनमधून झाडावरचा मावाही खातो, म्हणजे अगदीच कामचुकार नाही. त्याची मादी तर अंड्यांपाशी बसून राहते, ती चाटून स्वच्छ ठेवते, जवळ कोणी आलं तर चिमटा उगारते. हे ऐकून तू म्हणालीस, "आत्या, म्हणजे तुमच्यासारखीच." तेव्हा आपण हसत होतो, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आमच्या कॉन्व्हेंटच्या बागेत एक केरळच्या सिस्टर होत्या. त्यांनी आम्हा मुलींकडून करून घेतलेला उपाय मी श्यामलालजींना सांगितला. वाफ्यातलं ओलं तणीस काढून दूर न्यायचं. रिकाम्या कुंडीत थोडं तणीस कोंबून ती काठीवर उलटी टांगायची. पहाटे किडे त्यात झोपायला जातात, सकाळी कुंडी साबणाच्या पाण्यात झटकायची. वालावरच्या माव्याला साबणाच्या पाण्याचा फवारा, आणि पानांवर चुलीची राख तर गावात टाकतातच. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि सगळं केलं. पण हा उपाय सावकाशीचा आहे. रोज थोडे किडे कमी होतात, रोज दोन-चार पानांना नवी भोकं दिसतात. आणि रोज ती भोकं बघून त्या माणसाला तुझी किंकाळी ऐकू यायची. मी कितीही सांगितलं तरी कानाची गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. ते मला म्हणाले होते, "बाई, तुमचं शास्तर खरं असंल. पन पोरगी दोन जिवाची आहे."

आता डोहाळजेवणाचा दिवस. मी काय केलं ते तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलंच आहेस, मी फक्त तुला न दिसलेलं सांगते. त्याआधीचा आठवडा तू तपासण्यांसाठी माझ्याकडे, गोंदियाजवळ मुर्रीला होतीस. त्या सकाळी आपण सगळे आमगावला पोचलो, तू हिरवी साडी नेसायला आत गेलीस आणि मी माझ्या कुंड्या बघायला सांदवाडीत गेले. कुंड्या रिकाम्या होत्या. मला आधी बरं वाटलं. मग खाली पाहिलं. वाफ्यात किडे मरून पडले होते. गांडुळं मातीवर येऊन वाळली होती. मांडवाखाली एक साळुंकी पाय वर करून पडली होती. आणि पालक इतका सुंदर की एका पानाला भोक नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ भाजी बघून घाबरले.

श्यामलालजी मांडवाची दोरी आवळत होते. मी विचारलं, तर कौतुकानं म्हणाले, "साफ झाला ना? धानाचा औषध टाकलो. उरला होता." खोडकिड्यासाठी बांधीत रेतीत मिसळून फेकतात ते दाणेदार औषध, टीना. इथे धान पिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कोठ्यात त्याचा उरलासुरला डबा असतो, आणि बांधीत चालतं ते वाफ्यातही चालणार, असं प्रत्येकाला वाटतं. दुकानदार डबा विकतो, तो कुठे वापरायचा नाही हे सांगायला त्याची जीभ उचलत नाही. मी डबा आणायला लावला. त्यावर लाल खूण होती आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की भाजीपाल्याला वापरू नये. हे औषध मुळांतून झाडात चढतं. ते पान धुतलं तरी जात नाही, शिजवलं तरी त्याचा भरवसा नाही. मी हे मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. तोपर्यंत तो पालक तुझ्या पानात वाढण्यासाठी स्वयंपाकघरात शिजून तयार होता. समारंभासाठी राखलेला म्हणून आधी घरात कोणी एक पानही खाल्लेलं नव्हतं, एवढंच नशीब.

माणसाचा चेहरा पांढरा पडतो असं मी वाचलं होतं, पाहिला त्या दिवशी. मी ओसरीकडे वळले तसा त्यांनी माझा पदर धरला. नात्यानं विहीण लागते मी त्यांची, आणि त्यांनी पदर धरला. म्हणाले, "बाई, भाजी फेका, पन सांगू नोका. सासऱ्यानं सुनेच्या ताटात जहर टाकला म्हनतील. हिमांशूले का सांगू मी? पोरीले का सांगू?" अंगणात सगळा गाव बसला होता. अशी गोष्ट एकदा अंगणातून बाहेर पडली की ती कशी फिरते ते मला माहीत आहे. तिच्यात उरलेलं औषध राहत नाही, किडे राहत नाहीत, तुझी किंकाळी राहत नाही. फक्त सून, सासरा आणि विष उरतं. मी शब्द दिला.

मग मी स्वयंपाकघरात गेले, पालकाच्या भाजीनं भरलेला गरम गंज पदरानं उचलला, मागच्या राखेच्या खड्ड्यात उलटा केला आणि कोंबड्यांनी टोचू नये म्हणून पायानं वर राख ओढली. कारण काहीतरी द्यायला हवं होतं, आणि मला त्या घटकेला एकच सुचलं. मी ओरडले की भाजीत किडे आहेत, असलं गलिच्छ अन्न आमच्या मुलीला चालणार नाही. शकुंतलाबाई पहाटेपासून चुलीपाशी होत्या. त्या रडल्या, आणि मग रडणं थांबवून म्हणाल्या, "कॉन्व्हेंटवाली आली आनि आमचा गंज पालथा करून गेली. आमी का जनावरं आहोन?" तू हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून दारात उभी होतीस. तू माझ्याकडे जे पाहिलंस ते मी अजून गिळलेलं नाही. पण तुझी माफी मी मागत नाही. उद्या तशी वेळ आली तर मी तो गंज पुन्हा पालथा करीन, आणि या खेपेला झाकणही फेकीन. शकुंतलाबाईंची मात्र मागायची आहे. ती त्यांच्यासमोर बसून मागीन, पत्रातून नाही.

श्यामलालजींनी त्याच संध्याकाळी सारा वाफा उपटून खोल पुरला. तेव्हापासून ती सांदवाडी तशीच पडली आहे. तुला वाटलं असेल, नात झाली म्हणून माणसाला भाजी लावायचाही उत्साह राहिला नाही. गेल्या आठवड्यात ते माझ्याकडे मुर्रीला आले होते. बांधीतलं धान निसवलं आहे, या दिवसांत ते सहसा गाव सोडत नाहीत. माझ्या अंगणातल्या झाडांच्या कुंड्यांना हात न लावता लांबूनच बघत बसले. चहा दिला तर आधी नळावर जाऊन हात धुतले. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा धुतले. मी विचारलं, माझ्या नेहमीच्या गोड आवाजात, की नातीला का घेत नाही, मुलगी म्हणून लाज वाटते का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना थोबाडीत मारली. म्हणाले, "बाई, लक्ष्मी आहे ती. तिचे कान पाहलेत का तुमी? कवळे, पालकाच्या पानावानी. या हातानं कसा घेऊ? घास कसा देऊ? तिले पाहलो का मले तो गंजच दिसते." मग म्हणाले, टीना आली नाही तरी चालेल, तिकडे नागपुरात पोरगी सुखात राहील. आणि उठून गेले. मी पंचवीस वर्षं खिडकीतून माणसं पाहिली आहेत. गाडी चुकलेली, पाकीट मारलं गेलेली, घरून पळालेली. इतका एकटा माणूस मला त्या खिडकीत दिसला नव्हता.

म्हणून शब्द मोडला. पोरी, तुझ्या लेकीला आजोबा नको आहेत असं नाही, आजोबांना स्वतःचे हात नको झाले आहेत. चूक त्यांची होती आणि ती मोठी होती, मी तिला लहान म्हणणार नाही. उरलेला डबा त्यांनी माझ्यासमोर कृषी केंद्रावर नेऊन दिला, आणि त्या वाफ्यात इतक्यात काही लावायचं नाही हे मी त्यांना बजावलं आहे. तू मात्र यातलं तुला काही कळलंय असं त्यांना जन्मात दाखवू नकोस, हिमांशूलाही नाही. उष्टावण आमगावला कर. आणि त्या दिवसाची वाट बघू नकोस, आधीच जा. गेल्यावर त्यांना विचारू नकोस की घेता का. विचारलंस की त्यांचे हात मागे जातील. चप्पल काढायचं, पिशवी ठेवायचं, काहीही निमित्त कर, "बाबा, हिला जरा धरा" म्हण, त्यांच्या हातात आचलला दे आणि सरळ आत निघून जा. आणि आत गेल्यावर लवकर बाहेर येऊ नकोस.

रागावली असलीस तरी तुझीच,
रीता आत्या