हिकडं सगळं बरं हाय

पप्पा, पंधरा दिसामागं साताऱ्याला मी भरल्या हॉलात बोलले. तुमाला खरं वाटायचं न्हाई, म्हणून हेच आदी सांगते. जिला एसटीत कंडक्टरला "थांबवा" म्हणाया जमत न्हाई आन मग फुडच्या गावाला उतरून आपल्या फाट्यापतुर माघारी चालत येती, ती मी अजून तशीच हाय. मागच्या म्हयन्यात आई संगट असताना बी तसंच झालं. फाटा दिसाय लागला, मी नुसती उठून उभी राहिले. आई म्हणली, "बोल की गं, तोंडात काय धरून ठेवलंयस?" आन शेवटी तिनंच दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आजारी बाईनं आसली शिट्टी मारल्याली बघून आख्खी गाडी हसली. ती शिट्टी तुमीच शिकवल्याली, आई सांगती.

तुमी सुट्टीला आला की सकाळी अंगणात मला आन रेडकाला एका लायनीत उभं करायचा ते मला अजून दिसतंय. तुमच्या अंगात बनेल, खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. तुमी म्हणताय, "गिनती." मी म्हणायचं, "हाजिर साब." माझा आवाज घशातच ऱ्हातोय. तुमी म्हणताय, "रेडकू तुझ्यापक्षा मोठ्यांदा बोलतंय बघ. पोटातनं काढ आवाज." एकदा शाळेत बाईंला माझं "हजर" ऐकूच गेलं न्हाई आन त्येंनी माझी गैरहजेरी मांडली, तवा तुमी पयल्यांदा माझ्यावर रागावला. म्हणला, "तू तिथं बसल्याली व्हतीस का न्हाई? मग बोलायचं. आमच्यात जो ओ देत न्हाई त्यो नसल्यातच जमा." मी रडले. संध्याकाळी तुमी तुमचा फौजेतला हिरवा मग मला दिऊन टाकला, बुडाला तुमचा नंबर कोरल्याला, कानापशी पोचा आल्याला. म्हणला, "रोज ह्यात भरून दूध पी, मग आवाज फुटंल." दूध लय पिलं, पप्पा. आवाज काय फुटला न्हाई.

आता त्या मगात आईचं पाणी असतंय. तुमाला ठाव न्हाई, आईच्या दोनी किडन्या गेल्या. तीन वर्सं झाली. आठवड्यातनं तीनदा सांगलीच्या दवाखान्यात तिला मशीनवर घालत्यात, चार तास रगत काढून धुऊन परत घालत्यात. लघवी व्हत न्हाई, म्हणून पाणी मोजून प्यायचं. दिवसाचं सगळं मिळून एक मग. सकाळी मी भरून फडताळात ठेवते, त्यातनंच च्या, त्यातनंच गोळीवरचा घोट. उन्हाळ्यात ती नुसतं ओठ वलं करती आन मग परत ठेवती, जसं काय दुसऱ्या कुणाचं हाय. डाव्या हाताची शीर मशीनसाठी फुगवल्याली हाय, त्या हातात बांगडी चालत न्हाई. तुमच्या मागं आख्खी भावकी म्हणत व्हती तवा तिनं बांगड्या काढल्या न्हाईत. नर्सबाईनं सांगितल्याबरोबर एका हातातल्या काढून दिल्या आन म्हणली, "ह्या हाताच्या ऱ्हाऊ द्या, त्येंच्या नावाच्या हायत." दहावीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेले न्हाई. तीन दिवस सांगली आन तीन दिवस शाळा आसं व्हत नसतंय. घरी पिको-फॉल करते. शिलाई मशीनच्या आवाजात कुणाला बोलाय लागत न्हाई, ते बरं पडतंय.

पण ह्ये सगळं आमी निभावलं, कारण फौजेचं दवाखान्याचं कार्ड व्हतं. तुमाला तिरंग्यात आणलं त्या दिवशी तुमच्या पलटणीचा मोठा साहेब आपल्या अंगणात आला व्हता. मी सात वर्साची, दाराच्या आड. त्यानं टोपी काखेत धरली आन आईला म्हणला, "बहनजी, आपका और बच्ची का इलाज हमारी जिम्मेदारी है. जब तक आप हैं." आईला हिंदी कळत न्हाई, पण तिला ते वाक्य आजबी तसंच्या तसं येतंय. कार्ड आलं, ते तिनं देवाऱ्यात तुमच्या फोटोमागं ठेवलं. तीन वर्सं त्या कार्डावर मशीन चाललं. आन दोन म्हयन्यामागं दवाखान्याच्या खिडकीवर कागद चिकटवला, फौजी कार्ड दोन म्हयन्यांनी हितं बंद, मग पुण्याला जावा. खिडकीतला माणूस वाईट न्हाई. म्हणला, "ताई, वरनं आमचं येणं थांबलंय, आमी तरी किती दिवस करायचं?" आपल्या गावातनं पुणं, जायाला चार तास आन यायाला चार. मशीनवरनं उठल्यावर आईला भित्तीला धरून चालाय लागतंय. तिला मी आठवड्यातनं तीनदा आठ तास एसटीत कशी बसवणार?

तुमच्याच पलटणीतले सुभेदार काका आता रिटायर होऊन गावातच असत्यात. लष्करी मिशा पांढऱ्या झाल्या, पण अजून सकाळी पाचला पळत्यात. त्येंनी निवेदनावर निवेदनं दिली. एक दिवस दारात येऊन म्हणले, "वयनी, कागद कोण वाचत न्हाई. साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा हाय, खासदार येणार हायत. लोकसभेत ह्यावर बोलणारा तोच एक माणूस. तुमी फुडं या. माणूस दिसला पायजे त्येंला." आई लगीच व्हय म्हणली. मला काय, फाईल धरायची आन पाण्याचा मग घ्यायचा, कारण दिवसभर भायेर म्हंजे पाणी मोजाय पायजे.

हॉल भरला व्हता. फुडच्या रांगेत सगळ्या आईवाणी बाया, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. खासदार चांगला वागला, खोटं कशाला सांगू. प्रत्येकीपशी येऊन वाकून बोलत व्हता. आईला शाल दिली, नारळ दिला. नारळाचं पाणी तिला इखासारखं हाय, ते त्याला काय ठाव. त्यानं इचारलं, "ताई, तब्येत कशी आहे? काही अडचण?" काका मागनं खाकरले, म्हंजे आता बोला. आईनं पदर सारखा केला आन म्हणली, "न्हाई साहेब. हिकडं सगळं बरं हाय. तुमी काळजी करू नका."

पप्पा, ह्ये वाक्य तुमाला पाठ असंल. तुमचा फोन आला की ती ह्येच म्हणायची. म्हैस मेली तवा, छपराचं पत्रं उडालं तवा, मला टायफाईड झाला तवा. आपल्या गावात ज्या घरचा गडी बॉर्डरवर, त्या घरात ह्येच बोलायचं असतंय, दुसरं काय बोलली की सासू हातातनं फोन काढून घेती. तिकडं त्येंनी बंदूक धरायची का घरची काळजी करायची, आसं. ती काय खोटं बोलली न्हाई. एका सरकारी माणसानं तब्येत इचारली आन तिच्या तोंडातनं जे यायचं तेच आलं. खासदार खुशीत म्हणला, "शाब्बास. ही खरी फौजीची बायको." टाळ्या झाल्या आन तो फुडच्या बाईकडं गेला. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "वयनी, घात केला की वो."

मी उठले कवा ते मला ठाव न्हाई. "साहेब" म्हणले. कुणाला ऐकू गेलं न्हाई. परत म्हणले. खासदार आणखी दोन खुर्च्या फुडं गेला. मला वाटलं, आता बसावं. मग हातातल्या मगाचं बूड दिसलं, तुमचा नंबर. काका म्हणले, "ए गड्या, माइक दे तिला." माइकात माझा आवाज आला तवा मीच दचकले.

मी म्हणले, "आई बरी न्हाई. ती खोटं बोलती."

मागनं कोणतरी म्हणलं, "आगं पोरी, आईला खोटारडी म्हणतीस व्हय?" हसली माणसं. मी हातातला मग वर धरला. म्हणले, "साहेब, माझी आई दिवसाला एवढंच पाणी पिती. एका दिवसाआड सांगलीला तिचं रगत धुत्यात. येत्या पयल्या तारखेपासनं कार्ड बंद, पुण्याला जावा म्हणत्यात. एक फेरा चुकला तर तिला झोपून श्वास घेता येत न्हाई. आमच्या अंगणात फौजेचा मोठा साहेब सांगून गेलाय, इलाज आमच्याकडं. आमी नवीन काय मागत न्हाई. दिल्यालं काढून घिऊ नका, येवढंच तुमी दिल्लीत जाऊन सांगा. आन ह्या सगळ्या बाया बरं हाय म्हणत्यात ना, त्येंला दुसऱ्यांदा इचारा. आमाला घरात तसंच बोलाय शिकवलंय."

मग मला फुडचं येईना. मी तशीच उभी. फुडच्या रांगेतली एक म्हातारी, लोणंदकडची, उठली आन म्हणली, "माझंबी मगाशी राहिलंच साहेब. डोळ्याचं आपरेशन दोनदा माघारी पाठवलंय." तिच्या शेजारची म्हणली, "माझ्या सुनेच्या बाळंतपणाला कार्ड घेतलं न्हाई." मग एकेक उठाय लागली. कोण सांगत न्हाई, कोण बोलवत न्हाई, आपली उठती आन बोलती. मला तुमची गिनती आठवली.

खासदार माघारी आला. माझ्या हातातनं मग घेतला, फिरवून नंबर बघितला. "कुणाचा?" मी म्हणले, "पप्पांचा." त्यानं तो माघारी माझ्या हातात दिला. मग पीएला म्हणला, "लिहून घे. या अधिवेशनात प्रश्न टाकायचा." काका आडवे आले, "साहेब, लिवून घेतल्यालं लय बघितलंय आमी. कवा टाकणार?" तो म्हणला, "सुभेदार, तुम्ही मला काही सोडत नाही." काका म्हणले, "सोडतोय कशाला. ह्या पोरीला घिऊन दिल्लीला यीन." मला घामच फुटला.

येताना आई खिडकीला बसली. उंब्रजपतुर शालीचं दोरं वडत बसली. मग बाहेर बघतच म्हणली, "नऊ वर्सं संसार केला. त्येंला कवा रडगाणं ऐकवलं न्हाई. आन तू भरल्या सभेत." मी म्हणले, "चुकलं." ती म्हणली, "चुकलं न्हाई म्हणत मी." शालीची घडी घातली. मग म्हणली, "आता त्येंला कळलं असंल. सुट्टी टाकून येत्यात बघ." आन हसली, आन पदर डोळ्याला लावला. मी मगात दोन घोट वतून दिले. फाटा आला. मी "थांबवा" म्हणले. कंडक्टरला ऐकू गेलं न्हाई. आईनं शिट्टी मारली.

दवाखान्यानं परवा नवा कागद काढलाय. तीन म्हयने कार्ड घेऊ म्हणत्यात, तवर वरनं काय ते ठरू दे. दिल्लीत प्रश्न टाकलाय आसं पीएनं काकांना फोनवर सांगितलं. काका रोज त्याला फोन करत्यात. तीन म्हयन्यानं काय, ते मला ठाव न्हाई.

पप्पा, एक गोष्ट मी आईलाबी सांगितली न्हाई. तुमचा शेवटचा फोन मी घेतला व्हता. आईचं पाय सुजल्यालं, बीपी वाढल्यालं, तिला कऱ्हाडला दवाखान्यात ठेवल्याली. जाताना ती मला सांगून गेली, पप्पांचा फोन आला तर रानात गेलीया म्हण. तुमी इचारलं, "आई कुठं गं?" मी म्हणले, रानात. तुमी म्हणला, "बरी हाय न्हवं? माझी सुट्टी मंजूर झालीया. पण हितं एकाच्या घरी अडचण हाय. तिकडं सगळं नीट असंल तर त्याला जाऊ देतो, मी दिवाळीला येतो." मी म्हणले, "हिकडं सगळं बरं हाय. तुमी काळजी करू नका." तुमी लय हसला. "आईवाणीच बोलतीस की. आन आज आवाज पोटातनं आला बघ." बारा दिवसांनी तुमची गाडी दरीत घसरली. तुमी माझ्या आवाजाला चांगलं म्हणला ते तेवढं एकदाच, त्यो खोटं बोलताना निघाला. दहा वर्सं मला मोठ्यांदा बोलाय भ्या वाटतंय ते ह्यामुळं का आदीपासनंच, मला सांगता येत न्हाई. साताऱ्याला माइकात आवाज आला तवा मला वाटलं, ह्योच त्यो. फक्त ह्या येळी खरं बोलत व्हता.

तुमचा पत्ता मला अजून पाठ हाय, नंबर, रँक, पलटण, मार्फत एपीओ. पण ह्ये मी टाकणार न्हाई. तुमच्या काळ्या ट्रंकेत, घडी घातल्याल्या वर्दीखाली ठेवते. खरं सांगते, ह्या पत्राचं पयलं पान मी फाडलं. हात सवयीनं गेला आन वर लिवून बसले, हिकडं सगळं बरं हाय, तुमी काळजी करू नका. तसं न्हाई, पप्पा. थोडी करा.