चिकटलेली चार पानं

॥ श्रीसिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, माघ वद्य ५

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

कमलचा पायांवर माथा. इकडे सर्व ठीक. आपली नि निंगव्वावहिनींची प्रकृती बरी असेल असं धरून चालते. (नुसतं धरून का चालते, ते पुढे येईल.) तुमची लेक अक्कम्मा सुखरूप पोचली आणि तिच्या ट्रंकेत तुम्ही मुद्दाम घातलेली ती जुनी कादंबरीही पोचली. तुमची आज्ञा अशी की, मी मॅट्रिक होऊन हीच कादंबरी वाचली नि मुकाट लग्नाला उभी राहिले, तर तीच हिला वाचून दाखवावी, शिवरात्रीच्या आत होटगीच्या स्थळाला होकार घ्यावा, म्हणजे वैशाखात बार उडवता येईल.

त्याप्रमाणे लिंगपूजा आटोपली की आम्ही दोघी रोज वाचायला बसतो. सोळाव्या वर्षी मी हे पुस्तक रडून भिजवलं होतं. आता तिशी उलटल्यावर वाचते, तर त्यातल्या एकाही माणसावर विश्वास बसेना. नायक तीन प्रकरणं बागेत उसासे टाकत फिरतो. पोटाला काय करतो, याचा पत्ता नाही. (असल्या मुलाला तुम्ही ओसरीवर तरी बसवलं असतंत का?) नायिकेचे वडील मला तेव्हा देवमाणूस वाटले होते. आता दिसतं की, मुलीनं तोंड उघडलं की त्यांच्या छातीत नेमकी कळ येते. अक्कम्मा नाही म्हणाली त्या दिवशी तुमच्याही छातीत कळ आल्याचं वहिनींनी लिहिलंय. त्याच संध्याकाळी तुम्ही तीन कडक भाकऱ्या नि शेंगाचटणी खाल्लीत, हेही त्यांनी भाबडेपणानं लिहिलंय. मी काही म्हणत नाही.

परवा वाचता वाचता अक्कम्मा थांबली. म्हणाली, "आत्या, हे पान लई जाड लागतंय की." मी म्हटलं, कागदच जाडाभरडा असेल. तर म्हणे, एकशेतेरानंतर एकदम एकशेअठरा कसं? सोळाव्या वर्षी हे माझ्याही लक्षात आलं होतं. मी छापखान्याला दोष देऊन पुढे गेले होते. आता आमटीच्या वाफेवर पुस्तक धरलं, तशी चिकटलेली पानं सुटली. (आत काही वावगं असेल म्हणून पोरीला विहिरीवर पाठवून आधी मी एकटीनं पाहिलं.) वावगं काहीच नव्हतं. नायिका बापाला सांगते, "बाबा, मला अजून शिकायचंय. लग्न नको." चार पानं बाप समजावतो, ती हलत नाही. एकशेअठरावर हळद लागते ती तिच्या धाकट्या बहिणीला! आणि मी सोळा वर्षं समजत होते, हिचंच लग्न झालं; पुढे ती पुण्यात एकटी पुस्तकं घेऊन राहते, म्हणजे नवऱ्याची बदली झाली असेल.

आता चिकटवलं कुणी? कुणावर संशय घेणं पाप, म्हणून नुसतं दिसलं ते लिहिते. खळ निळसर आहे, म्हणजे कसर लागू नये म्हणून मोरचुदाचं विष घातलेली. आपल्या वह्यांच्या दुकानात आबा मोरचूद शिवू देत नसत, घरात लेकरं म्हणून. त्यांच्या नकळत खळीत ते कोण घालायचं, हे आपण दोघंच जाणतो. पुस्तक मला आणून दिलंत तेही तुम्हीच.

अण्णा, त्या वर्षी आबांनी मला विचारलं होतं, पुढे शिकायचं का? मी म्हटलं, तुमची मर्जी. दुसरं काही बोलता येतं, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

आगाऊपणा झाला असेल तर पोटात घाला. वहिनींना नमस्कार.

आपली धाकटी,
कमलम्मा

ता. क. — अक्कम्माचं उत्तर कळवायचं राहिलं. ती नाही म्हणते. आता मीही नाही म्हणते.

दुसरी ता. क. — पुण्याच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगचा तिचा अर्ज सोबत आहे. पालकाच्या जागी सही करून शिवरात्रीच्या आत परत पाठवा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

तिसरी ता. क. — पुण्याहून अर्ज दोन आले होते. दुसऱ्यावर मी माझं नाव घातलं. ह्यांच्यापुढे भीत भीत ठेवला, तर ह्यांनी एक शब्द न विचारता सही केली. इतकी चटकन का केली, याचा मी कालपासून विचार करते आहे.