मिस आयडोरांचा पिवळा परकर

इंग्लिश हार्बर, अँटिगा
रविवार, जेवणाची वेळ

ती. क्लेमेन्सिया मावशीस,

ॲल्बनचा एका हाताने नमस्कार. (दुसरा गुंतलेला आहे, राग नसावा.) तुझा गुडघा आता वाकतो का? आम्ही सुखरूप पोचलो. माझी तब्येत बरी असून इथली हवा मोकळी आहे, जरा जास्तच.

ओर्लीनच्या आईसाठी, मिस आयडोरांसाठी, तू शिवलेला नाचाचा पिवळा घोळदार परकर मी वाटभर उशाशी जपला. तो देऊन, टोपी काढून, ओर्लीनला मागणी घालायची असे आपले ठरले होते. पण बंदरात शिरताना पिवळे निशाण चढवावे लागते, आणि कप्तान, म्हणजे आपले काका, किनाऱ्यावर जाऊन कागद करून येईपर्यंत बाकी कोणी गलबत सोडायचे नाही, हे तुला माहीत आहेच. निशाण मळके दिसू नये म्हणून मी ते आदल्या दिवशी धुऊन वाळत घातले. (चिमटे कमी पडले.) ते मॉन्टसेरात बेटाच्या दिशेने उडाले. काका म्हणाले, “आता पिवळं काय चढवू, तुझं तोंड?” मला नियमाची फार धास्ती. मी परकर चढवला.

निशाण म्हणून तो झकास दिसला. वारा भरला की नाचतही होता. शेजारच्या बोटींनी भोंगे वाजवले. आरमाराच्या जुन्या दगडी खांबांपाशी मिस आयडोरा ओर्लीनला घेऊन, खारा मासा आणि मक्याच्या फंजीचा डबा सांभाळत उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिले, मग माझ्याकडे.

“कुणाचा रे तो?”

मला खोटे बोलता येत नाही. “तुमचाच, मिस आयडोरा.”

सगळा धक्का हसला. “ओर्लीन,” त्या म्हणाल्या, “ह्यानं किनाऱ्याला पाय लावायच्या आधीच माझी अब्रू टांगली. पाय लावल्यावर काय करेल?” परकर हातात पडेपर्यंत मागणीचा शब्द काढायचा नाही, असे त्यांनी मला बजावले.

काका कागद करून आले. दोर ओढला, तर तो कप्पीत अडकलेला. म्हणून मी डोलकाठीवर चढलो, परकर सोडवला, आणि चुकून खाली पाहिले.

परकर सुखरूप आहे. त्यानेच मी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले आहे. जेवण बादलीतून वर येते, हे पत्र त्याच बादलीतून खाली जाईल.

तुझा भाचा,
ॲल्बन

ता. क. परकराची नीट घडी घालतो आहे, म्हणून वेळ लागतो, असे मी मिस आयडोरांना ओरडून सांगितले आहे. काकांना गप्प राहायला सांग.

आणखी ता. क. तोंडी मागणीला बंदी आहे, पत्राला नाही; आणि मागणीचे पत्र घरच्या वडीलधाऱ्यांनीच लिहायचे, ही आपली रीत. ते आजच पाठव. मुलगा नीटनेटका, देवभीरू आणि शूर खलाशी आहे, असे लिही.

शेवटचा ता. क. ‘शूर’ नको. बादलीऐवजी ओर्लीनच वर आली आहे. ती म्हणते, “मागणीचं पत्र आता आमची आईच तुझ्या मावशीला लिहील. तू डोळे मीट आणि माझा खांदा धर.” हे वाक्य डोळे मिटून लिहिले आहे. चूक असल्यास सुधारून वाच.